एक रायफल, तीन काडतुसे

रशियातील इझेव्स्कच्या कारखान्याने १९९०च्या दशकात कलाश्निकोव्ह रायफलींची एक नवी मालिका काढली. तिच्यातील एके-१०१ आणि एके-१०३ या दोन रायफली रशियन सैन्याच्या एके-७४एमच्या शेजारी ठेवल्या, तर ओळखीच्या नजरेलाही क्षणभर निरखून पाहावे लागते. तिघींची लांबी ९४३ मिलिमीटर, नळी ४१५ मिलिमीटर, घडी होणारा काळा प्लास्टिकचा दस्ता सारखाच आणि मॅगझिनमधली काडतुसेही तीसच. फरक आहे तो पोटात. एके-७४एममध्ये ५.४५×३९, एके-१०१मध्ये ५.५६×४५ आणि एके-१०३मध्ये ७.६२×३९ हे काडतूस चालते. काडतुसांची तुलना करायला याहून चांगली सोय मिळणे अवघड. नळी लांब असली की गोळीचा वेग वाढतो, रायफल जड असली की खांद्याला धक्का कमी बसतो. इथे या दोन्ही गोष्टी जवळजवळ सारख्या आहेत, त्यामुळे जो फरक उरतो तो मुख्यतः काडतुसाचा.

बोलताना अख्ख्या काडतुसालाच गोळी म्हणण्याची सवय आहे. प्रत्यक्षात गोळी म्हणजे नळीतून उडून जाणारा पुढचा तुकडा. तिच्यामागे दारूने भरलेली धातूची पुंगळी असते आणि पुंगळीच्या बुडाशी ठिणगी पाडणारी टोपी. काडतुसाच्या नावातला पहिला आकडा कॅलिबरचा, म्हणजे ढोबळमानाने नळीच्या आतल्या व्यासाचा. दुसरा पुंगळीच्या लांबीचा. दोन्ही मिलिमीटरमध्ये. पहिल्या आकड्यावर मात्र फार विसंबता येत नाही. गोळीला स्वतःभोवती फिरवण्यासाठी नळीत सर्पिल खाचा पाडलेल्या असतात. व्यास खाचांमधल्या उंचवट्यांवरून मोजायचा की खाचांच्या तळापासून, यावर आकडा बदलतो. ५.४५च्या गोळीचा खरा व्यास सुमारे ५.६ मिलिमीटर आणि ५.५६च्या गोळीचा ५.७. नावांवरून वाटतो तेवढाही फरक नाही आणि जो आहे तो जेमतेम केसाएवढा. तरीही एकीचे काडतूस दुसरीत चालत नाही, कारण पुंगळ्यांचे आकार वेगळे आहेत.

तिघांत थोरले ७.६२×३९. दुसरे महायुद्ध चालू असताना १९४३ साली सोव्हिएत तंत्रज्ञांनी ते आखले. तोवर पायदळाच्या रायफलीचे काडतूस आठशे-हजार मीटरवरच्या माऱ्यासाठी बनवलेले असे; लढाई मात्र बहुतेक वेळा तीन-चारशे मीटरच्या आत होई. मग जादा दारू, जादा वजन आणि जादा धक्का सैनिकाने सोसायचा कशासाठी? पिस्तूल आणि जुनी रायफल यांच्या मधल्या ताकदीचे हे काडतूस त्या प्रश्नाचे उत्तर होते, आणि कलाश्निकोव्हची पहिली रायफल त्याच्याभोवतीच उभी राहिली. पुढे अमेरिकेने व्हिएतनाममध्ये एम-१६ रायफलीबरोबर ५.५६ची छोटी, वेगवान गोळी आणली. १९७४मध्ये सोव्हिएत सैन्याने ५.४५ स्वीकारले ते तिला उत्तर म्हणून. १९८०मध्ये नाटोने ५.५६चीच बेल्जियममध्ये घडवलेली सुधारित आवृत्ती प्रमाण मानली.

आता तिघांना एकाच लांबीच्या नळीतून उडवून पाहू. ७.६२ची गोळी सुमारे ७.९ ग्रॅमची, ती सेकंदाला ७१५ मीटर वेगाने बाहेर पडते. ५.४५ची ३.४ ग्रॅमची, वेग ९०० मीटर. ५.५६ची ४ ग्रॅमची, वेग ९१० मीटरच्या आसपास. गतिज ऊर्जेचा हिशेब मांडला तर अनुक्रमे २,००० ज्यूल, १,४०० ज्यूल आणि १,६५० ज्यूल असे ढोबळ आकडे येतात. इथेच थांबून थोरल्याला विजयी ठरवण्याचा मोह होतो, आणि काडतुसांवरच्या बऱ्याच चर्चा इथेच थांबतात. पण खांद्याला बसणारा धक्का ऊर्जेवर ठरत नाही, संवेगावर ठरतो. वस्तुमान गुणिले वेग असा तो हिशेब. त्यात ७.६२ला ५.६ एकक, ५.५६ला ३.६ आणि ५.४५ला अवघे ३.१. दारूच्या वायूचा धक्का यात आणखी मिळतो, पण क्रम बदलत नाही. म्हणजे नुसत्या गोळीपुरते पाहिले, तर ७.६२चा धक्का ५.४५च्या पावणेदोन पटींहून अधिक. एकेक गोळी सावकाश झाडताना तो फारसा त्रास देत नाही. लागोपाठ गोळ्या सुटू लागल्या की एके-१०३चे तोंड वर चढते, आणि दुसरी-तिसरी गोळी लक्ष्याच्या वरून जाते. एके-७४एम त्याच हातांत बरीच स्थिर राहते.

वजनाचा हिशेबही असाच डोळे उघडणारा आहे. ७.६२चे अख्खे काडतूस १६ ग्रॅमच्या थोडे वर, ५.५६चे १२च्या आसपास, ५.४५चे पावणेअकरा. एकेकट्याला काही वाटत नाही. पण आठ मॅगझिनची २४० काडतुसे घेतली, तर मॅगझिनचे वजन सोडून ७.६२ची ३.९ किलो भरतात, ५.५६ची २.९ आणि ५.४५ची २.६. डोंगर चढणाऱ्या माणसाच्या पाठीवरचा सव्वा किलो ही किरकोळ बाब नव्हे. तेवढ्या वजनात ५.४५ची शंभराहून जास्त काडतुसे मावतात.

गोळी सरळ रेषेत जात नाही, सुटल्या क्षणापासून खाली येऊ लागते. जितकी वेगवान, तितका तिचा मार्ग सपाट. छातीएवढ्या उंचीच्या लक्ष्यावर दृष्टिपट्टी न बदलता कितपत अंतरापर्यंत नेम धरता येतो, याचे सोव्हिएत सैन्याचे आकडे आहेत: जुन्या ७.६२च्या एकेएमसाठी ३५० मीटर, एके-७४साठी ४४० मीटर. अंतराचा अंदाज चुकणे हे नेम चुकण्याचे एक मोठे कारण असते, त्यामुळे हे ९० मीटर फार मोलाचे. उलट, झाडझाडोरा, फळ्या, कच्च्या भिंती असे काही मध्ये आले की जड गोळी सहसा आपली दिशा अधिक टिकवते. थोरल्याचे चाहते आजही याच गुणावर बोट ठेवतात, आणि त्यात तथ्य आहे.

एके-१०३चे मॅगझिन केळ्यासारखे वाकलेले का, हे कोडे पुंगळीत सुटते. ७.६२×३९ची पुंगळी बुडाशी सव्वाअकरा मिलिमीटरहून थोडी रुंद असून तोंडाकडे चांगलीच निमुळती होते. अशा पुंगळ्या एकीवर एक रचल्या की रास आपोआप वळते. हा निमुळतेपणा शोभेचा नाही. उडालेली पुंगळी गरम होऊन चेंबरच्या, म्हणजे काडतूस बसते त्या नळीच्या मागच्या भागाच्या, भिंतीला चिकटू पाहते; निमुळती असेल तर जरासे मागे ओढताच सुटते. धूळ, थंडी आणि हलक्या दर्जाची पोलादी पुंगळी यांना ही रायफल जुमानत नाही, याचे बरेचसे श्रेय रायफलीला दिले जाते; त्यातला वाटा या पुंगळीचाही आहे. ५.४५ची पुंगळी कमी निमुळती, तिचे मॅगझिन कमी वाकलेले, ५.५६ची जवळजवळ सरळ. म्हणून काडतूस बदलताना फक्त नळी बदलून भागत नाही. पुंगळीचे बूड पकडणारा बोल्ट, मॅगझिन आणि दृष्टिपट्टीवरच्या खुणाही बदलाव्या लागतात. रायफलीची मुख्य पेटी (रिसीव्हर), पिस्टन आणि घोड्याची यंत्रणा मात्र बहुतांशी तीच राहते.

शरीरावरचा परिणाम हा या विषयातला सर्वांत गंभीर भाग. अमेरिकी लष्करी शल्यचिकित्सक मार्टिन फॅकलर यांनी जिलेटिनच्या ठोकळ्यांवर केलेल्या चाचण्यांत दिसले की सोव्हिएत ७.६२ची गोळी सुमारे २५ सेंटिमीटर नाकासमोर जाते आणि मग आडवी होते, ५.४५ची सातेक सेंटिमीटरवरच कलंडते. तिच्या टोकाशी आवरणाच्या आत पोकळी असल्याने वजन मागे झुकलेले असते. अफगाणिस्तानात तिला विषारी गोळी हे नाव पडले. विष त्यात नव्हते. शरीरात पसरणाऱ्या गोळ्यांवर १८९९च्या हेग जाहीरनाम्याने बंदी घातली. त्यामागे कोलकात्याजवळच्या डमडमच्या कारखान्यातल्या गोळ्यांचा वाद होता. कलंडणारी गोळी त्या व्याख्येत बसत नाही, पण जखमीच्या दृष्टीने हा फरक कागदावरचाच.

एकाच कॅलिबरमध्येही सगळ्या गोळ्या सारख्या नसतात. व्हिएतनामच्या काळातली ५.५६ची हलकी गोळी ३०५ मिलिमीटरमध्ये एक फेरा घेणाऱ्या खाचांत स्थिर राहत असे. नाटोची नवी गोळी लांब, म्हणून तिच्यासाठी १७८ मिलिमीटरमध्ये एक फेरा ठरवला गेला. जुन्या नळीतून ती डगमगत जाते. काडतुसाचे नाव सारखे म्हणून नळीतल्या खाचाही सारख्या असे होत नाही.

कोणते काडतूस निवडायचे, हा प्रश्न भारतातही उभा राहिला. पुण्याच्या पाषाण येथील एआरडीई या शस्त्रसंशोधन संस्थेने विकसित केलेल्या इन्सास रायफलीचा वायू-पिस्टन आणि फिरता बोल्ट कलाश्निकोव्हच्या वळणाचा, काडतूस मात्र ५.५६×४५. नंतर नळी बदलून ५.५६×४५ आणि ७.६२×३९ ही दोन्ही काडतुसे वापरता येतील अशा रायफलीसाठी २०११मध्ये सैन्याने निविदा काढली. २०१५मध्ये ती रद्द झाली. एआरडीईनेही ५.५६, ६.८ आणि ७.६२×३९ अशा तीन नळ्यांची रायफल तयार करून पाहिली. अखेर डिसेंबर २०२१मध्ये ६ लाखांहून अधिक एके-२०३ रायफलींचा करार झाला. अमेठी जिल्ह्यातील कोरवा येथे बनणारी ही रायफल म्हणजे एके-१०३चीच पुढची पिढी, आणि तिचे काडतूस थोरले ७.६२×३९.

त्याआधी २०१९मध्ये सैन्याने अमेरिकेकडून घेतलेल्या सिग-७१६ रायफलीही ७.६२च्याच, पण त्यांचे काडतूस ७.६२×५१. दोघांच्या पुंगळ्यांच्या लांबीत १२ मिलिमीटरचे अंतर आहे आणि गोळ्यांच्या व्यासातही एक दशांश मिलिमीटरचा फरक: एकीचा ७.९२, दुसरीचा ७.८२. दोन्ही रायफली वापरणाऱ्या सैन्याच्या कोठारात पेट्यांवर नुसते ७.६२ लिहून चालत नाही; ×३९ की ×५१ हेही लिहावे लागते.