पहिली मोटरसायकल : किल्ली हातात देण्यापूर्वी

बारावीचा निकाल लागला, कॉलेजातला प्रवेश पक्का झाला, की पुण्यातल्या घराघरांतून एक विषय हमखास निघतो. "आई, आता मला गाडी हवी." गाडी म्हणजे अर्थातच मोटरसायकल. आईची स्कूटर दारात उभी असते, पण ती चिरंजिवांना चालत नाही. मग पंधरा दिवस घरात दुसरं बोलणं नाही. कोणत्या मित्राला कोणती गाडी मिळाली ते जेवताना ऐकवलं जातं. बस कशी वेळेवर येत नाही याचा हिशेब मांडला जातो. बाबा पेपरातून डोकं वर न काढता म्हणतात, "आईला विचार." आणि आई म्हणते, "मला त्यातलं काय कळतंय? घ्यायची तर घ्या, पण हळू चालव हो बाबा."

मैत्रिणींनो, इथेच जरा थांबा. हे "हळू चालव" आपण रोज म्हणतो आणि तो रोज "हो" म्हणतो; त्यापलीकडे त्याने काही होत नाही. आणि त्यातलं कळत नाही म्हणाल, तर तेही मला पटत नाही. कुकर घेताना तुम्ही झाकण लावून बघता, आयएसआयचा शिक्का बघता, गॅसवर चढवता-उतरवताना हाताला पेलतो का तेही बघता. मोटरसायकल घेताना नेमकं हेच बघायचं असतं. मुलीने गाडी मागितली तरी हेच, बरं का.

पुण्याला दुचाकीचं वेड नवं नाही. सायकलींचं शहर म्हणून ते प्रसिद्ध होतं. १९७२ साली बजाजची चेतक आणि कायनेटिकची लूना अशा दोन्ही बाजारात आल्या. चेतकसाठी नंबर लावून वर्षानुवर्षं वाट बघावी लागे. मुलगी लग्नाची झाली तरी स्कूटर आली नाही, अशी थट्टा तुम्ही सासूबाईंकडून ऐकली असेल. १९८४ मध्ये बटण दाबून सुरू होणारी, गिअर नसलेली कायनेटिक होंडा आली आणि साडी नेसून स्कूटर चालवणं पुष्कळ सोपं झालं. पण त्या काळची गाडी आणि आजची गाडी यांच्यात एक मोठा फरक आहे. तेव्हाच्या गाड्यांना मुळात फार ताकदच नव्हती. आज शंभर सीसीच्या साध्या मोटरसायकलची ताकद आठ अश्वशक्तीच्या आसपास असते, आणि आपल्या चाकणलाच बनणाऱ्या केटीएम ३९० ड्यूकची चाळीसच्या वर. एकाच परवान्यावर, अठरा वर्षं पुरी झालेला मुलगा यांतली कुठलीही गाडी पहिल्या दिवशी रस्त्यावर आणू शकतो.

इंग्लंडात तसं चालत नाही. तिथे सतराव्या वर्षी परवाना मिळतो तो १२५ सीसीपर्यंतच्या आणि पंधरा अश्वशक्तीच्या आतल्या गाडीचा. मधल्या ताकदीची गाडी एकोणिसाव्या वर्षी, पुन्हा परीक्षा देऊन. मोठ्यात मोठी गाडी थेट चोवीसाव्या वर्षी, किंवा मधल्या पायरीवर दोन वर्षं काढली असतील तर एकविसाव्या. आपल्या कायद्यात अशा पायऱ्या नाहीत. त्या घरात बांधाव्या लागतात, आणि माझ्या मते त्या आईनेच बांधाव्यात. कारण बाबांनाही आतून त्या मोठ्या गाडीवर एकदा बसायचंच असतं!

या पायऱ्यांची गरज का, ते सांगते. १९८१ साली अमेरिकेत हॅरी हर्ट या संशोधकाचा एक अहवाल प्रसिद्ध झाला. लॉस एंजेलिस भागातल्या नऊशे मोटरसायकल अपघातांची त्याच्या मंडळींनी जागेवर जाऊन तपासणी केली होती. त्यांना असं आढळलं, की निम्म्याहून अधिक चालकांना त्या गाडीवर पाच महिनेही झालेले नव्हते. एकूण चालवण्याचा अनुभव मात्र सरासरी तीन वर्षांच्या घरात होता! म्हणजे "मला येते चालवता, मी मित्राची चालवतो" या वाक्यावर निर्धास्त होऊ नका. गाडी बदलली की हाताला क्लचची, ब्रेकची, वजनाची सवय पुन्हा पहिल्यापासून व्हावी लागते. त्याच अहवालात आणखी एक गोष्ट आहे. अपघातात सापडलेल्यांपैकी ९२ टक्के लोक स्वतःच किंवा घरच्यांकडून, मित्रांकडून शिकलेले होते.

आता दुकानात चला. विक्रेता बोलेल अॅव्हरेजबद्दल, मुलगा बोलेल पिकअपबद्दल. दोघांना बोलू द्या. तुम्ही मुलाला गाडीवर बसवा आणि त्याच्या पायांकडे बघा. दोन्ही तळवे जमिनीला नीट टेकतात का? नुसते अंगठे टेकत असतील तर सिग्नलला, चढावर, खड्ड्यात पाय पडला की गाडी कलणार. मग त्याला म्हणा, इंजिन बंद ठेवून ही गाडी दहा पावलं मागे ढकल आणि वळवून लाव. मेन स्टँडवर चढव. शंभर-सव्वाशे सीसीच्या गाड्यांचं वजन साधारण ११० ते १२५ किलो असतं, ३५० सीसीची बुलेट १९५ किलोच्या आसपास जाते. नवशिक्याच्या हातून गाडी पडते ती बहुधा अशीच, पार्किंगमधून काढताना किंवा वळवताना. ती पायावर पडली तर किती किलोची आहे, हा प्रश्न बिनमहत्त्वाचा नाही.

ब्रेकची चौकशी अवश्य करा. एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीच्या वरच्या गाड्यांना एबीएस सक्तीचं आहे. जोरात ब्रेक दाबला तरी चाक जाम होऊन घसरत नाही, ही त्याची करामत. त्याखालच्या गाड्यांना निदान दोन्ही ब्रेक एकत्र लागण्याची सोय असावी लागते. लहान गाडीतही एबीएसचा प्रकार मिळत असेल, तर थोडे पैसे जास्त गेले तरी तो घ्या. रंगाचे आणि स्टिकरचे वाचवा.

पहिली गाडी सेकंडहँड घ्यायला माझी मुळीच हरकत नाही. पहिल्या वर्षात ती दोन-चारदा आपटणारच. नव्या कोऱ्या गाडीला ओरखडा आला की घरात सुतक, आणि मग मुलगा पडल्याचं लपवू लागतो, ते जास्त वाईट. मात्र टायर गुळगुळीत नाहीत ना, ब्रेक लागतात ना, आणि चासी नंबर कागदांशी जुळतो ना, हे ओळखीच्या मेकॅनिककडून बघून घ्या.

शिकवण्याबद्दल थोडं सविस्तर लिहायला हवं, कारण आपल्याकडे सगळी हेळसांड इथेच होते. शिकाऊ लायसन हाती आल्यावर पक्क्या परीक्षेला निदान तीस दिवस जावे लागतात. हे तीस दिवस बरेचजण फुकट घालवतात. रविवारी पहाटे मोकळं मैदान गाठा आणि वेगाने नव्हे, अगदी हळू चालवायला लावा. आठचा आकडा काढता आला पाहिजे, पाय न टेकता. मग ब्रेक. "पुढचा ब्रेक लावू नकोस, उलटशील" हा सायकलच्या दिवसांतला उपदेश आपण सगळ्यांनी ऐकलेला आहे. तो अर्धवट आहे. थांबताना सगळा भार पुढच्या चाकावर येतो, म्हणून गाडी मुख्यतः पुढच्याच ब्रेकने थांबते. तो एकदम आवळायचा नाही. ओल्या कपड्याचं पाणी पिळावं तसा हळूहळू घट्ट करत न्यायचा, आणि तोही सरळ रेषेत, वळणावर किंवा बारीक खडीवर नव्हे. हर्टच्या अहवालातले अपघातग्रस्त चालकही नेमकं उलट करत होते. मागचा ब्रेक जोरात दाबून मागचं चाक घसरवायचं आणि पुढचा जवळजवळ वापरायचाच नाही! हे पन्नासदा मैदानात केल्याशिवाय ऐनवेळी हाताला सुचत नाही. आणखी एक, शिकाऊ परवान्यावर मागे मित्र बसवायचा नाही. शिकवणारा माणूस तेवढा चालतो. हा नियमच आहे.

कागदपत्रांचं सांगते. गिअरच्या गाडीला वय अठरा पूर्ण पाहिजे. बारावीनंतर पुष्कळ मुलं सतराचीच असतात, तेव्हा "दोनच महिने तर राहिलेत" हे ऐकून घेऊ नका. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला, तर पालकाला किंवा मालकाला पंचवीस हजार रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, गाडीची नोंदणी बारा महिने रद्द होते आणि त्या मुलाला पंचविसाव्या वर्षापर्यंत परवाना मिळत नाही. शिवाय गाडी कोणाच्या नावावर घ्यायची हा प्रश्न आहेच. पुष्कळ घरांत ती कौतुकाने आईच्या नावावर घेतात. पण विम्यातलं जे पंधरा लाखांचं सक्तीचं अपघात संरक्षण असतं ते मालक-चालकाचं असतं. मालक तुम्ही आणि चालवणार तो, तर त्याला ते लागू होत नाही. गाडी त्याच्या नावावर करा किंवा त्याची वेगळी अपघात पॉलिसी काढा.

गाडी आली, लायसन आलं. पहिले सहा महिने काय? माझ्या परिचयाच्या एक बाई सदाशिव पेठेत राहतात. त्यांनी मुलाशी सरळ सौदा केला. किल्ली स्वयंपाकघरातल्या खिळ्याला राहील. सहा महिने डबलसीट नाही, घरची माणसं सोडून. रात्री दहानंतर नाही. पहिल्या पावसात नाही, कारण रस्त्यावर साचलेलं तेल तेव्हा वर येतं आणि झेब्रा क्रॉसिंगच्या पांढऱ्या पट्ट्या साबणासारख्या होतात. सिंहगडचा घाट, ताम्हिणी, लोणावळा सहा महिन्यांनंतर. नवले पुलाच्या उताराला तर जायचंच नाही. कात्रजच्या नव्या बोगद्यापासून खाली येताना अवजड गाड्यांचे ब्रेक निकामी होतात, आणि तिथले अपघात आपण वर्षानुवर्षं वाचतोच आहोत. मुलगा कुरकुरला, "मित्र हसतात" म्हणाला. बाईंनी सांगितलं, हसू दे, त्यांना जेवायला बोलाव. (द्रुतगती मार्गावर दुचाकीला मुळात बंदी आहे, तेव्हा मुंबईचा बेत करणाऱ्यांना तेही माहीत असलेलं बरं.)

एक गोष्ट मात्र त्याला नीट समजावून द्या. समोरच्या मोटारवाल्याला मोटरसायकल दिसतच नाही. खोटं बोलत नसतो तो. त्याची नजर मोठी वाहनं शोधत असते. समोरून येणारी गाडी उजवीकडे वळणार असेल तर तो आपल्याला बघून थांबेल असं धरून चालायचं नाही. आणि पीएमपीच्या बसच्या डाव्या अंगाने कधीही घुसायचं नाही, कितीही जागा दिसो.

आता तुमच्याबद्दल. भाजी आणायला कोपऱ्यापर्यंत जाताना तुमचं हेल्मेट कुठे असतं? हँडलला! "इथेच तर जायचंय." तोंडाला स्कार्फ गुंडाळला म्हणजे डोकं झाकलं असं होत नाही. पुणेकरांचं आणि हेल्मेटचं वाकडं जुनं आहे. १ जानेवारी २०१९ पासून पोलिसांनी सक्ती जोरात सुरू केली तेव्हा विरोधासाठी मोर्चा निघाला होता. सरकारी आकडा ऐका. २०२२ या एका वर्षात हेल्मेट न घातलेली ५०,०२९ माणसं देशात दुचाकीवर मेली. त्यांतली १४,३३७ चालवत नव्हती, मागे बसली होती. मागे कोण बसतं, ते मी सांगायला नको.

मागे बसताना पदर कमरेला खोचा, ओढणीची गाठ मारा. चाकात ओढणी अडकून गळा आवळल्याच्या बातम्या येतात त्या खोट्या नसतात. मागच्या चाकावरची ती जाळी, जिला आपण साडीगार्ड म्हणतो, ती १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतच आहे, मागच्या माणसाने धरायची मूठही आहे. गाडी चांगली दिसत नाही म्हणून मुलं ती जाळी काढून टाकतात. काढू देऊ नका. चार वर्षांखालचं मूल असेल तर त्याला चालकाशी बांधणारा पट्टा आणि त्याच्या मापाचं हेल्मेट लागतं, आणि वेग ताशी चाळीस किलोमीटरच्या आत. हा नियम फेब्रुवारी २०२३ पासून लागू आहे. मांडीवर घेऊन बसणं त्यात बसत नाही.

हेल्मेट घेताना फुटपाथवर हातात धरून भाव करू नका. जून २०२१ पासून आयएसआय शिक्क्याशिवाय हेल्मेट विकायलाच बंदी आहे, तरी तसली मिळतात. शिवणाच्या डब्यातली टेप घ्या. भुवयांच्या वर बोटभर अंतरावरून, मागे डोक्याचा जिथे जास्तीत जास्त फुगीर भाग आहे तिथून गोल माप घ्या आणि सेंटिमीटरमध्ये लिहून ठेवा. घरातल्या प्रत्येकाचं वेगळं, अंबाडा घालत असाल तर केस सोडून. दुकानात त्या मापाचं घालून पट्टा लावा आणि डोकं न हलवता हेल्मेट हाताने फिरवून बघा. गालाची कातडी त्याच्याबरोबर ओढली गेली तर माप बरोबर. नुसतंच फिरलं तर एक नंबर कमी मागा.