पहारेकरी जागा आहे काय?

२०२५च्या दिवाळीत आमच्या बडोद्याच्या घरी नवा संगणक आला. जुन्याने दहा वर्षे इमानाने चाकरी केली होती. परंतु त्यावरील 'विंडोज १०' या कार्यप्रणालीची मुदत १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली आणि नवी 'विंडोज ११' त्या जुन्या यंत्रात बसेना. रावपुऱ्यातल्या दुकानातून खोके घरी आणले, आईने त्यावर हळदकुंकू वाहिले आणि मुलांनी ते उघडले. दुकानातून निघताना शेठनी एक प्रश्न विचारला होता, "साहेब, अँटिव्हायरस कोणता टाकू?"

नवा संगणक घेणाऱ्या प्रत्येक घराला हा प्रश्न पडतो. आम्ही काही संगणकशास्त्रातले पंडित नव्हे. तथापि या प्रश्नाची किंमत आमच्या घराने एकदा मोजली आहे. त्या अनुभवाच्या जोरावर, आणि नंतर जे वाचले व विचारून घेतले त्याच्या आधारे, चार गोष्टी वाचकांपुढे ठेवीत आहोत.

विषाणू आले कोठून?

१९८२ साली अमेरिकेतील रिच स्क्रेंटा या पंधरा वर्षांच्या शाळकरी मुलाने केवळ गंमत म्हणून एक छोटी आज्ञावली लिहिली. 'एल्क क्लोनर' हे तिचे नाव. ॲपल कंपनीच्या संगणकांत ती फ्लॉपीवरून फ्लॉपीवर पसरे आणि दर पन्नासाव्या खेपेस पडद्यावर एक कविता दाखवी. पुढच्याच वर्षी फ्रेड कोहेन या विद्यार्थ्याने अशा आज्ञावलीचे प्रात्यक्षिक करून दाखविले आणि त्याचे गुरू लेनर्ड एडलमन यांनी तिला 'व्हायरस', म्हणजे विषाणू, हे नाव सुचविले. १९८६ साली आपल्या शेजारच्या लाहोर शहरात बासित व अमजद या अल्वी बंधूंनी 'ब्रेन' नावाचा विषाणू तयार केला. त्यात त्यांनी स्वतःचे नाव, पत्ता आणि दूरध्वनी क्रमांकही घातला होता! हा विषाणू फ्लॉपीच्या अगदी आरंभीच्या भागात, संगणक सुरू होताना जे प्रथम वाचतो तेथे, ठाण मांडून बसे.

त्या वेळी गंमत वा फुशारकी हा हेतू असे. आज हेतू पैसा आहे. काही आज्ञावली हेरासारख्या गुपचूप बसून बँकेचे पासवर्ड टिपतात. काही आपल्या फायली कुलूपबंद करून किल्लीसाठी खंडणी मागतात. या साऱ्यांना मिळून इंग्रजीत 'मालवेअर' म्हणतात. आपण घातक आज्ञावली म्हणू.

बाहेरचा रक्षक आणि घरचा रक्षक

पूर्वी कार्यप्रणालीबरोबर रक्षक येत नसे. तो वेगळा विकत आणावा लागे. या गरजेतूनच १९९०च्या दशकात पुण्यात एक उद्योग उभा राहिला. कैलास काटकर कॅल्क्युलेटर आणि संगणक दुरुस्त करीत. दुरुस्तीस येणाऱ्या संगणकांत विषाणूच फार, हे पाहून त्यांचे धाकटे बंधू संजय यांनी ते काढण्याची आज्ञावली लिहिली. तीच पुढे 'क्विक हील' या नावाने देशभर गेली आणि २०१६ साली त्यांची कंपनी शेअर बाजारात आली. मराठी माणूस आणि धंदा या विषयावर सुस्कारे टाकणाऱ्यांनी हे उदाहरण ध्यानात ठेवावे.

२०१२च्या 'विंडोज ८'पासून मात्र चित्र पालटले. विषाणू शोधणारा पुरा रक्षक, 'डिफेंडर', कार्यप्रणालीच्या आतच येऊ लागला. त्याला वेगळी किंमत नाही. 'विंडोज ११' तर दाराशीच अडवणूक करते. संगणकात किल्ल्या जपणारी 'टीपीएम' नावाची सोय आणि 'सिक्युअर बूट' ही व्यवस्था असल्याखेरीज ती रीतसर बसत नाही. सिक्युअर बूट म्हणजे संगणक जागा होताना जी पहिली आज्ञावली चालते तिच्यावर खरी मोहोर आहे की नाही, हे तपासणे. लाहोरचा 'ब्रेन' ज्या उंबरठ्यावर बसत असे, त्याच उंबरठ्यावरचा हा पहारा आहे. आमचे जुने यंत्र नापास झाले ते याच परीक्षेत.

मग शेठच्या प्रश्नाचे उत्तर काय? सामान्य घरास आतला रक्षक बहुधा पुरतो, तो जागा असेल तर. या शेवटच्या चार शब्दांसाठीच हा लेख आहे.

२०१९ सालची हकिगत

आमचे आजोबा बडोदे संस्थानच्या नोकरीत होते. त्यांचे मोडीतले कागद, जुनी छायाचित्रे आणि पत्रे असा ऐवज दांडिया बाजारातल्या घरी ट्रंकेत होता. आमच्या धाकट्या बंधूंनी दोन वर्षे खपून तो सारा संगणकावर उतरविला. त्याबरोबर आणखी एक वस्तू होती. १९८४ साली आजीने जात्यावरच्या ओव्या म्हटल्या होत्या, त्यांची कॅसेट. तिला बुरशी धरू लागली होती. म्हणून आवाज संगणकात घेतला आणि कॅसेट टाकून दिली.

२०१९ साली वडिलांच्या सहस्रचंद्रदर्शनाचा समारंभ ठरला. त्यासाठी या साऱ्याची एक चित्रफीत करावी, अशी कल्पना पुतण्याने काढली. त्याला लागणारी आज्ञावली महाग. तेव्हा मित्राने सांगितल्यावरून त्याने तिची 'फुकट', म्हणजे चोरटी, प्रत उतरवून घेतली. सोबतच्या सूचनेत पहिलीच ओळ होती : प्रथम अँटिव्हायरस बंद करा. मुलाने तो बंद केला.

अर्ध्या तासात प्रत्येक छायाचित्राच्या नावापुढे एक विचित्र शेपूट लागले आणि एकही उघडेना. पडद्यावर चिठ्ठी आली : किल्ली हवी असल्यास ९८० डॉलर, तीन दिवसांत दिल्यास निम्मे. दुसरी प्रत असावी म्हणून बंधूंनी एक वेगळी डिस्क घेतली होती. परंतु ती सदैव संगणकाला जोडलेली असे. तिच्यावरच्या फायलीही त्याच वेळी बंद झाल्या.

आम्ही पैसे दिले नाहीत. दिले असते तरी किल्ली मिळेलच, अशी हमी कोण देणार? इंदूरच्या आत्यांना आदल्या गणपतीत एक पेनड्राइव्ह भरून दिला होता. त्यात बरीचशी छायाचित्रे सापडली. कागद ट्रंकेत होतेच. ते पुन्हा उतरविले. आजीच्या ओव्या त्या पेनड्राइव्हमध्ये नव्हत्या. त्या गेल्या त्या गेल्याच. वडील पुतण्यास एका शब्दाने बोलले नाहीत. समारंभाच्या दिवशी मात्र त्यांनी विचारले, "आईचा आवाज लावणार होता ना?" त्याला उत्तर द्यायला आम्हांपैकी कोणाची जीभ वळली नाही.

सांगण्याचे तात्पर्य हे की, त्या दिवशी घरात पहारेकरी होता आणि तो ताजातवानाही होता. त्याला आम्हीच झोपविले आणि दार आतून उघडले.

रक्षकाच्या मर्यादा

हा रक्षक चोर ओळखतो तरी कसा? एक मार्ग पोलीस ठाण्यातल्या छायाचित्रांचा. माहीत असलेल्या घातक आज्ञावलींच्या खुणांची यादी त्याच्याजवळ असते आणि ती रोज वाढते. दुसरा मार्ग वागणुकीवरून ओळखण्याचा. एखादी आज्ञावली भराभर शेकडो फायली बदलू लागली की तो संशय घेतो. यातला कोणताही मार्ग संपूर्ण नाही. प्रत्येक विषाणू बिनचूक ओळखणारी आज्ञावली असूच शकत नाही, हे कोहेन यांनीच गणिताने दाखवून दिले आहे. म्हणून 'शंभर टक्के संरक्षण' अशी जाहिरात दिसली की तिच्याकडे जरा जपूनच पाहावे. ॲपलच्या मॅकला विषाणू लागत नाही, हाही भ्रमच. २०१२ साली 'फ्लॅशबॅक'ने सहा लाखांहून अधिक मॅक ग्रासले होते.

याहून मोठे संकट उघड्या राहिलेल्या खिंडारांचे. १२ मे २०१७ रोजी 'वॉनाक्राय' नावाच्या खंडणीखोर आज्ञावलीने दीडशेच्या वर देशांतील दोन लाखांहून अधिक संगणक बंद पाडले. ब्रिटनच्या इस्पितळांत रुग्णांना परत पाठवावे लागले. ज्या खिंडारातून ती शिरली ते बुजविण्याचा अपडेट मायक्रोसॉफ्टने दोन महिने आधीच, १४ मार्च रोजी, दिला होता. तो अनेकांनी बसविलाच नव्हता. पुढच्याच महिन्यात 'नॉटपेट्या' आली. ती त्याच खिंडाराचाही उपयोग करी. तिच्यामुळे मुंबईजवळच्या नव्हाशेव्यातील जवाहरलाल नेहरू बंदराच्या एका टर्मिनलचे काम ठप्प झाले.

मुदत संपलेली कार्यप्रणाली धोक्याची ती यासाठीच. १४ ऑक्टोबर २०२५च्या दुसऱ्या दिवशी 'विंडोज १०' बंद पडली नाही. आमचा जुना संगणक पूर्वीसारखाच सुरू होत होता. परंतु नवी खिंडारे बुजविण्याचे नेहमीचे काम त्या दिवसापासून थांबले. नोंदणी करणाऱ्या घरांसाठी १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतच्या वाढीव मुदतीची सोय जाहीर झाली, ती केवळ तयारीस सवड मिळावी म्हणून. अशा जुन्या यंत्रावरून बँकेचे व्यवहार करू नयेत, हे आमचे स्पष्ट मत आहे.

बाहेरचा रक्षक घ्यायचाच, तर एकच घ्यावा. दोन पहारेकरी एकमेकांनाच चोर समजतात आणि यंत्र मंदावते. कित्येक नव्या संगणकांत थोड्या मुदतीचा परका रक्षक दुकानातूनच भरलेला असतो. तो असेपर्यंत आतला बाजूस सरतो. मुदत संपल्यावर दोघांपैकी कोण जागा आहे, हे आपण पाहिले पाहिजे. शिवाय रक्षक यंत्राच्या अगदी गाभ्याशी बसतो. त्याची चूकही महागात पडते. १९ जुलै २०२४ रोजी 'क्राउडस्ट्राइक' या सुरक्षा कंपनीच्या एका सदोष अपडेटमुळे सुमारे ८५ लाख संगणक कोलमडले आणि हैदराबादच्या विमानतळावर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. रक्षक नकोच, असा याचा अर्थ नव्हे. तो अनोळखी माणसाकडून घेऊ नये, एवढाच.

घरी काय करावे?

आमच्या घरी आता काही नियम आहेत. ते कठीण नाहीत.

पहिला, अपडेट आला की 'नंतर' म्हणायचे नाही. रात्रीच्या जेवणास बसताना तो सुरू करून द्यावा.

दुसरा, महिन्यातून एकदा 'विंडोज सिक्युरिटी' हे पान उघडून पहारा चालू असल्याची खात्री करावी. तेथेच 'कंट्रोल्ड फोल्डर ॲक्सेस' नावाची सोय आहे. ती चालू केली की अनोळखी आज्ञावलीस आपली छायाचित्रे बदलता येत नाहीत. ही सोय २०१७ पासून होती. आम्हांस ती ठाऊक नव्हती.

तिसरा, रक्षक बंद करा असे जी सूचना सांगेल, ती वस्तू घ्यायचीच नाही. मग ती कितीही फुकट असो.

चौथा, मौल्यवान फायलींच्या दोन प्रती ठेवाव्या. एक डिस्कवर, आणि डिस्क काम झाले की काढून कपाटात. दुसरी परगावी, नातलगाकडे. आपल्यासारख्या गावोगाव विखुरलेल्या मराठी घरांना तर हे सहज जमण्यासारखे आहे. कोणी बेळगावला, कोणी ग्वाल्हेरला, कोणी पुण्यास; जाण्यायेण्याच्या निमित्ताने प्रतही जावी.

पाचवा वडीलधाऱ्यांसाठी. 'आपल्या संगणकात पाच विषाणू आहेत, ताबडतोब या क्रमांकावर बोला' असा लाल फलक कर्कश आवाजासह पडद्यावर येतो. तो खोटा असतो. खऱ्या इशाऱ्यात दूरध्वनी क्रमांक नसतो. घाबरून न जाता संगणक सरळ बंद करावा. मोबाइललाही हेच लागू. व्हॉट्सॲपवर 'लग्नपत्रिका' म्हणून जी फाईल येते, तिच्या नावाच्या शेवटी एपीके ही अक्षरे असतील तर ती पत्रिका नव्हे, आज्ञावली आहे. ती उघडण्याआधी ज्याचे लग्न आहे त्यालाच फोन करावा.

एवढे करूनही घात झालाच, तर प्रथम इंटरनेट तोडावे. पैसे गेले असल्यास १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर विनाविलंब कळवावे. कोणत्याही राज्यातून तो चालतो. सरकारच्या 'सायबर स्वच्छता केंद्रा'कडून विषाणू काढण्याची साधने विनामूल्य मिळतात. फायली कुलूपबंद झाल्या असतील, तर 'नो मोअर रॅन्सम' हा २०१६ पासूनचा उपक्रम पाहावा. युरोपातील पोलिसांच्या पुढाकाराने तेथे काही कुलपांच्या किल्ल्या फुकट ठेवलेल्या आहेत. आमच्या कुलपाची मिळाली नाही, आपल्याची मिळेलही.

शेठना आम्ही सांगितले, "आतला आहे, तोच राहू द्या." परंतु घरी आल्यावर नव्या संगणकाचे पहिले काम पुतण्याने आपणहून केले. तो आता नोकरीस लागला आहे. जुन्या यंत्रातले सारे त्याने दोन डिस्कवर घेतले, एक कपाटात ठेवली आणि दुसरी आत्यांसाठी बांधली. मग त्याने आईस जवळ बसविले, मोबाइल पुढे ठेवला आणि म्हणाला, "आजी, पणजीच्या ओव्या तुला जेवढ्या आठवतात तेवढ्या म्हण." आईला अकरा आठवल्या. त्या अकरा ओव्याही आता इंदुरास गेल्या आहेत.