गोळी हाती देण्यापूर्वी

मालेगाव तालुक्यातील मेडशीसारख्या मुक्कामी, डॉक्टरांच्या चिठ्ठीनंतर रुग्णाची अखेरची गाठ ज्याच्याशी पडते त्या औषधनिर्मात्यापुढे, प्रायमाक्विन ही हिवतापावरील जुनीच गोळी आनुवंशिकतेचा प्रश्न उभा करते. व्हायवॅक्स जातीचे जंतू यकृतात दडून राहतात, व त्यांच्या उच्चाटनार्थ ती १४ दिवस घ्यावी लागते. परंतु ज्याच्या रक्तात जी-सिक्स-पीडी हे विकर जन्मतःच न्यून असते, त्याच्या तांबड्या पेशी तिच्यामुळे फुटू लागतात. हा कार्यकारणभाव १९५६ साली अमेरिकेतील संशोधकांनी उलगडला. या विकराचे जनुक एक्स गुणसूत्रावर असल्याने तीव्र न्यूनता पुरुषांत अधिक आढळते. तपासणी बहुधा जनुकाची नव्हे, विकराचीच करतात. तिचा निष्कर्ष मात्र रुग्णाच्या कागदांत जन्मभर जपून ठेवण्याजोगा. जेथे ती सोय हाताशी नाही, तेथे औषधनिर्मात्याची विचारपूस हीच, माझ्या मते, मोठी खबरदारी: पूर्वी एखाद्या औषधाने कावीळ झाली होती काय, घरात कोणास असा त्रास झाला काय? लघवी कोऱ्या चहासारखी काळसर दिसताच गोळी थांबवून तत्काळ दवाखाना गाठावा, अशी ताकीद त्याने द्यावी. गरोदर स्त्रिया व तान्ही मुले यांना ही गोळी देतच नाहीत.