डुकराचे चॉप : कसे शिजवावेत आणि खावेत का?



सण जवळ आला किंवा घरात लग्न ठरले, की आपल्याकडे डुकराच्या मांसाची चौकशी सुरू होते. त्याच वेळी कोणीतरी सांगते, "डुकराचे मांस खाऊ नका, डोक्यात किडे होतात." अन्नपूर्णा भागातल्या आपल्या घरांना शाकाहारी शेजारी पुष्कळ, त्यामुळे हे वाक्य अधिकच ऐकू येते. ऐकणारी गृहिणी गोंधळते. मग एक तर ती मांस आणतच नाही, किंवा आणलेच तर भीतीपोटी तव्यावर इतका वेळ ठेवते की चॉप चपलेच्या तळव्यासारखा होतो. या भीतीत खरे किती व खोटे किती, ते प्रथम पाहू. मग चुलीकडे वळू.

रोग कोठून येतो?

डुकराच्या मांसातून होणारा पट्टकृमी खरा आहे. त्याचे चक्र असे. ज्या माणसाच्या आतड्यात हा कृमी असतो, त्याच्या विष्ठेतून कृमीची अंडी बाहेर पडतात. मोकाट डुक्कर ती विष्ठा खाते. अंड्यांतून निघालेल्या अळ्या डुकराच्या मांसात जाऊन बसतात आणि तेथे पांढरट, वाटाण्याएवढ्या किंवा त्याहून लहान पाण्याच्या पुटी तयार होतात. असे मांस कच्चे राहिले आणि माणसाने खाल्ले, तर त्याच्या आतड्यात कृमी वाढतो. तो कित्येक मीटर लांब होऊ शकतो.

आता महत्त्वाची गोष्ट ध्यानात घ्यावी. मेंदूत पुटी होऊन आकडी येते, ती मांस खाल्ल्याने नव्हे. ती कृमीची अंडी पोटात गेल्याने येते. ही अंडी कृमी झालेल्या माणसाच्या न धुतलेल्या हातांतून, मैल्याच्या पाण्यावर पिकवलेल्या मुळा, कोथिंबीर, गाजर यांसारख्या कच्च्या भाजीतून किंवा दूषित पाण्यातून जातात. म्हणूनच ज्याने जन्मात मांस तोंडी लावले नाही, त्यालाही हा रोग होतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते, ज्या प्रदेशांत हा कृमी मुरलेला आहे तेथे अपस्माराच्या सुमारे ३० टक्के रुग्णांत हे कारण आढळते. एखाद्या लेकराला आकडी येऊ लागली, तर तो शाप नाही की करणीही नाही. त्याला डॉक्टरांकडे न्यावे. घरच्या घरी जंताची गोळी मात्र देऊ नये. मेंदूत पुटी असल्यास औषधाने सूज वाढू शकते, म्हणून ते उपचार डॉक्टरांच्या देखरेखीखालीच व्हावेत.

तेव्हा या रोगाचे मूळ उघड्यावरच्या शौचात आहे. इंदूर शहराने २०१७ साली स्वच्छ सर्वेक्षणात देशात पहिला क्रमांक मिळवला, तेव्हा आपण त्याचा अभिमान बाळगला. हा अभिमान शेतापर्यंत न्यायला हवा. शेतावर राबणाऱ्या मजुरांसाठी संडास असणे हा पट्टकृमीवरचा सर्वांत स्वस्त उपाय आहे.

मांस कसे निवडावे?

ज्या डुकराला गोठ्यात बांधून कोंडा, मका व पेंड घातली गेली आहे, त्याचेच मांस घ्यावे. शक्य असेल तेथे पशुवैद्याने तपासलेले मांस घ्यावे. मांस गुलाबी, घट्ट व ओलसर असावे. चरबी पांढरी असावी. मांसात तांदळासारखे किंवा वाटाण्यासारखे पांढरट दाणे दिसले, तर ते शिजवून खाण्याचा मोह धरू नये, खाटकाला परत द्यावे.

चॉप म्हणजे पाठीच्या कण्यालगतचा, हाडासकट कापलेला तुकडा. हा भाग फारसे श्रम करीत नाही, म्हणून मऊ असतो. पण त्यात चरबी कमी, म्हणून लवकर कोरडाही पडतो. खांद्याच्या भागाचे तुकडेही चॉप म्हणून विकले जातात. त्यांत चिवट धागे असतात. ते तव्यावर भाजून मऊ होत नाहीत, त्यांना झाकून मंद शिजवावे लागते. आपल्या घरी चॉप कडक होतो, त्याचे कारण पुष्कळदा हेच असते, की तुकडा एका जातीचा आणि पद्धत दुसऱ्या जातीची.

शिजवण्याची रीत

पाठीचे चॉप बोटाएवढे, म्हणजे सुमारे २ सेंटिमीटर जाड कापून घ्यावेत. १ लिटर पाण्यात ४ मोठे चमचे मीठ विरघळवून त्यात ते तासभर थंड जागी ठेवावेत. मिठामुळे मांस पाणी धरून ठेवते. मग काढून फडक्याने अगदी कोरडे करावेत. ओला तुकडा भाजत नाही, उकडतो. कडेच्या चरबीला दोन-तीन ठिकाणी चीर द्यावी, म्हणजे चॉप तव्यावर वाकत नाही. आले, लसूण, मिरी, हळद व थोडा सिरका चोळावा. मीठ पुन्हा घालू नये.

बिडाचा तवा चांगला तापवून थोडे तेल सोडावे. प्रत्येक बाजू मध्यम आचेवर ४ ते ५ मिनिटे भाजावी, नंतर झाकण ठेवून आच मंद करावी व आणखी ३-४ मिनिटे ठेवावे. उतरवल्यावर ५ मिनिटे तसेच राहू द्यावे, लगेच कापू नये. रस आत मुरतो. हाडाजवळ सुरी घालून पाहावी. मांस गुलाबी नसावे व रस स्वच्छ निघावा. तपमापक असेल तर जाड भागात ७१ अंश सेल्सिअस भरावे. काही देशांत ६३ अंशांवर उतरवून ३ मिनिटे ठेवण्याची मुभा आहे, पण ती जेथे डुकरे बंदिस्त वाढतात व प्रत्येक मांसाची तपासणी होते तेथली. आपण ७१ अंशच पाळावेत. त्याहून फार वर नेले, तर मांसातील पाणी पिळून निघते व चॉप कोरडा होतो.

खांद्याच्या चॉपसाठी कांदा परतून, त्यावर तुकडे ठेवून, सिरका व अर्धी वाटी पाणी घालून झाकणाखाली तासभर मंद शिजवावे. घरी वाढवलेल्या मोठ्या डुकराचे मांसही असेच करावे.

कच्चे मांस कापलेली सुरी व पाट साबणाने धुतल्याशिवाय कोशिंबिरीला वापरू नये.

खावेत का?

चरबी काढून शिजवलेल्या १०० ग्रॅम मांसात सुमारे २५ ग्रॅम प्रथिने मिळतात. ब-१ जीवनसत्त्व तर यात कोंबडीच्या मांसापेक्षा कित्येक पटींनी अधिक असते. श्रम करणाऱ्या शरीराला हे चांगले अन्न आहे.

पण त्याला मर्यादा हवी. डुकराचे मांस लाल मांसांत मोडते. २०१५ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने लाल मांस कर्करोगास संभवतः कारण ठरते, असे जाहीर केले. सॉसेज, बेकन यांसारखे खारवलेले मांस निश्चित कारण ठरते, असे सांगितले. म्हणून आठवड्याला शिजलेले ३५० ते ५०० ग्रॅम लाल मांस पुरे, आणि खारवलेले मांस सणापुरतेच असावे. रक्तदाब, संधिवात किंवा मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारावे. ज्याला रोजच्या जेवणात वरण, दूध व अंडी मिळतात, त्याने मांस न खाल्ल्याने काही बिघडत नाही.

डुकरे पाळणाऱ्यांसाठी

आफ्रिकन स्वाइन फीव्हर हा रोग २०२० साली आसाम व अरुणाचल प्रदेशात आढळला, आणि २०२२ साली आपल्याच मध्य प्रदेशात रीवा येथे डुकरे मेली. माणसाला तो होत नाही, पण कळपच्या कळप जातो. त्यावर औषध नाही. हॉटेलातले उष्टे खाणे घालायचे असेल, तर चांगले उकळूनच घालावे. डुकरे एकाएकी मरू लागली तर मांस विकू नये, वाटू नये. सरकारी पशुवैद्यास कळवून खोल खड्ड्यात चुन्यासह पुरावे. आजारी जनावराचे मांस घाईने विकणारा चार पैसे वाचवतो आणि गावभर रोग पसरवतो.

शेवटी एक गोष्ट. ताटात काय वाढावे हे ठरवायला आपण मोकळे आहोत, पण संत पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्रात, १४व्या अध्यायात, अन्नावरून बंधूचे मन दुखवू नये, असा बोध केला आहे. शाकाहारी शेजाऱ्याच्या दाराजवळ कचरा टाकू नये, मांस झाकून आणावे, आणि शुक्रवारचा त्याग पाळावा. एवढे केले, तर सणाच्या दिवशी घरातल्या सर्वांनी निर्धास्तपणे ताटावर बसावे.