भरपाईचे कायदे (६) : आयर्लंड – जखमेचे गुण आणि मौनाची अट

कॅनडातल्या आदिवासी मुलांच्या निवासी शाळांचा प्रश्न न्यायालयात गेला आणि तडजोडीतून भरपाई ठरली, हे आपण मागच्या लेखात पाहिलं. आयर्लंडने दुसरी वाट धरली. तिथे संसदेने कायदा केला, एक मंडळ नेमलं आणि बालपणी संस्थांमध्ये छळ सोसलेल्यांनी कोर्टाऐवजी या मंडळापुढे यावं, असं ठरवलं. २००२ चा हा ‘निवासी संस्था भरपाई कायदा’ पुढच्या अनेक देशांत अभ्यासला गेला. त्याने हजारो लोकांना पैसे मिळवून दिले आणि बरेच जण त्याच्यावर रागावलेही. या दोन्ही गोष्टी एकाच कायद्यातून कशा निघाल्या, हे समजून घेण्यासारखं आहे.

आधी या संस्थांविषयी थोडं. आयर्लंडमध्ये १८६८ पासून ‘औद्योगिक शाळा’ होत्या. नावात उद्योग असला तरी तिथे येणारी बहुतेक मुलं गरीब, अनाथ किंवा आईबापांना पोसणं अशक्य झालेली. १९०८ च्या बाल कायद्याखाली जिल्हा न्यायालय मुलाला तिथे धाडत असे आणि वयाची सोळा वर्षं पूर्ण होईपर्यंत त्याची सुटका नसे. गुन्हा काही नसताना कोर्टातून यावं लागल्यामुळे आपण गुन्हेगार आहोत, हीच समजूत घेऊन अनेक जण मोठे झाले. डब्लिनजवळचं आर्टेन, पश्चिम किनाऱ्यावरचं लेटरफ्रॅक, मुलींसाठीचं गोल्डनब्रिज ही त्यांतली कुप्रसिद्ध नावं. संस्था कॅथलिक धर्मसंघ चालवत, सरकार दरडोई अनुदान देई आणि शिक्षण खात्यावर तपासणीची जबाबदारी असे. मुलांच्या संख्येवर अनुदान ठरत असल्यामुळे संस्था भरलेल्या राहाव्यात, यात चालकांचा थेट हितसंबंध होता.

या मुलांनी मोठं झाल्यावर दाद मागायची ठरवली, तर कोर्टात मुदतीची भिंत उभी होती. घटना तीस-चाळीस वर्षांपूर्वीची, मारणारा मेलेला किंवा म्हातारा, साक्षीदार विखुरलेले. २००० साली मुदतीच्या कायद्यात सवलत आली, पण ती फक्त लैंगिक अत्याचाराच्या दाव्यांना. पट्ट्याने झालेली मारहाण, उपासमार, शेतात आणि कारखान्यात करून घेतलेली राबणूक यांना ती लागू नव्हती. म्हणून पीडितांच्या संघटनांनी स्वतंत्र कायद्याची मागणी लावून धरली. लोकमत त्यांच्या बाजूने वळलं ते दूरचित्रवाणीमुळे. १९९६ मध्ये क्रिस्टीन बकली यांनी गोल्डनब्रिजमधले आपले अनुभव ‘डिअर डॉटर’ या माहितीपटातून मांडले. १९९९ मध्ये पत्रकार मेरी रॅफ्टरी यांची ‘स्टेट्स ऑफ फिअर’ ही मालिका आली आणि ११ मे १९९९ रोजी पंतप्रधान बर्टी अहर्न यांनी सरकारच्या वतीने माफी मागितली. पुढे कायद्यातही ही तारीख आली. पीडित व्यक्ती त्या दिवसानंतर वारली असेल, तरच तिच्या जोडीदाराला किंवा मुलांना अर्ज करता येई. त्याआधी वारलेल्यांच्या वाट्याला माफीही आली नाही आणि भरपाईही.

चार रकाने, शंभर गुण

मंडळापुढे अर्जदाराला चार गोष्टी दाखवाव्या लागत : आपली ओळख, बालपणी यादीतल्या एखाद्या संस्थेतलं वास्तव्य, आपल्याला झालेली इजा, आणि ती इजा सांगितलेल्या छळाशी जुळते ही बाब. संस्थेचा निष्काळजीपणा सिद्ध करायची गरज नव्हती. कोर्टाच्या तुलनेत हा मोठा दिलासा होता. वकिलाचा खर्चही मंडळ वेगळा देई.

रक्कम मात्र गुण देऊन ठरायची. छळाच्या तीव्रतेला २५ पर्यंत, वैद्यकीय तपासणीत सिद्ध झालेल्या शारीरिक वा मानसिक आजाराला ३०, मनावर आणि नातेसंबंधांवर उरलेल्या परिणामांना ३०, हुकलेल्या संधींना १५. बेरीज २५ च्या खाली राहिली तर ५० हजार युरोपर्यंत, ७० किंवा त्याहून अधिक झाली तर दोन ते तीन लाख युरो, मधल्यांसाठी मधले तीन टप्पे.

एक काल्पनिक अर्जदार घेऊ. आठ वर्षं संस्थेत काढलेला, आता साठीतला माणूस. मारहाणीबद्दल १२ गुण, एका कानाने ऐकू येत नाही त्याचे ७, लग्न मोडलं आणि दारू सुटेना त्याचे १३, अक्षरओळख नीट नसल्याने आयुष्यभर हमाली केली त्याचे ७. बेरीज ३९, म्हणजे दुसरा टप्पा, ५० हजार ते एक लाख युरो. आणखी एक गुण मिळाला असता, तर तो एक ते दीड लाखाच्या टप्प्यात गेला असता. मग वकील आणि मानसोपचारतज्ज्ञ काय करणार? दारूचं प्रकरण जास्त तपशिलात लिहा, मोडलेल्या संसाराचं आणखी सांगा, असाच सल्ला देणार. आयुष्य जितकं उद्ध्वस्त तितके गुण जास्त. ज्याने हिकमतीने स्वतःला सावरलं, शिक्षण घेतलं, मुलंबाळं नीट वाढवली, त्याला कागदावर त्याच कर्तृत्वाचा तोटा. प्रत्यक्षात सरासरी भरपाई ६२ हजार युरोंच्या आसपास राहिली.

पैसे स्वीकारताना अर्जदाराने दोन गोष्टी सोडायच्या होत्या. एक, त्या छळाबद्दल कोर्टात जाण्याचा हक्क. ही अट तडजोडीत नेहमीची असते. दुसरी अधिक बोचणारी. कलम २८ नुसार संस्थेची, आरोपीची किंवा अर्जदाराची ओळख पटेल अशी अर्जासंबंधीची माहिती प्रसिद्ध करणं गुन्हा ठरलं आणि त्याला दंडाबरोबर दोन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद होती. गोपनीयता कुणाच्या रक्षणासाठी, असा सवाल पीडितांनी तेव्हापासून विचारला आहे. लहानपणी ‘बाहेर कुणाला सांगायचं नाही’ अशी तंबी मिळालेल्या माणसांवर सरकारने पुन्हा तीच तंबी लादली, हा त्यांचा आक्षेप. मूळचे मालवणजवळच्या वराडचे असलेल्या घराण्यातले लिओ वराडकर पंतप्रधान असताना, २०१९ मध्ये, ही सगळी कागदपत्रं ७५ वर्षं बंद ठेवण्याचं विधेयकही आलं. इतिहासकारांनी आणि पीडितांनी विरोध केला आणि ते मंजूर झालं नाही.

पैसे कुणी भरले?

जून २००२ मध्ये, निवडणूक उरकून नवं मंत्रिमंडळ येण्याच्या तोंडावर, शिक्षणमंत्री मायकल वुड्स यांनी अठरा धर्मसंघांशी करार केला. संघांनी रोख रक्कम आणि मालमत्ता मिळून १२८ दशलक्ष युरो द्यायचे, बदल्यात त्यांच्यावर येणाऱ्या दाव्यांची हमी सरकारने घ्यायची. त्या वेळी एकूण खर्चाचा अंदाज त्याच्या दुपटीच्या आसपास होता. प्रत्यक्षात पंधरा हजारांहून अधिक लोकांना भरपाई मिळाली आणि या छळाची चौकशी करणाऱ्या आयोगासह सगळा खर्च दीड अब्ज युरोंच्या घरात गेला. मर्यादा संघांच्या रकमेला होती, सरकारच्या हमीला नव्हती. वाढलेला बोजा करदात्यांवर पडला. मे २००९ मध्ये न्यायमूर्ती शॉन रायन यांच्या याच आयोगाचा पाच खंडी अहवाल आला आणि मुलग्यांच्या संस्थांमध्ये लैंगिक अत्याचार सर्रास होते हे अधिकृतपणे नोंदलं गेलं. तेव्हा हा करार लोकांच्या डोळ्यांत आणखीच खुपला.

यादीबाहेरची माणसं

या कायद्याचं मर्म त्याच्या परिशिष्टात आहे. भरपाई कोणत्या संस्थांतल्या मुलांना, याची यादी तिथे होती. मंत्र्यांना तिच्यात भर घालण्याचा अधिकार होता आणि ती १३९ संस्थांपर्यंत वाढली. यादीत येण्याची कसोटी अशी की त्या संस्थेच्या तपासणीची किंवा नियमनाची जबाबदारी सरकारी यंत्रणेवर असायला हवी. वरवर रास्त वाटणारी ही कसोटी उलटी फिरते. सरकारने जिथे तपासणीची जबाबदारी घेतली आणि कुचराई केली, तिथे भरपाई. जिथे ती जबाबदारीच घेतली नाही, तिथे काही नाही.

मॅग्डलीन धोबीखान्यांत बिनपगारी राबलेल्या मुली आणि बायका याच कारणाने बाहेर राहिल्या. त्या खासगी जागा होत्या, असं सरकार सांगत असे. २०१३ मधल्या मॅकअॅलिस अहवालात दिसलं की तिथे झालेल्या भरतीपैकी चतुर्थांशाहून अधिक सरकारी यंत्रणेमार्फत झाली होती. मग पंतप्रधान एंडा केनी यांनी माफी मागितली आणि वेगळी योजना आली. दिवसा भरणाऱ्या शाळांतली मुलंही बाहेर होती. अशा शाळेत अत्याचार सोसलेल्या लुईझ ओ’कीफ यांना त्यासाठी युरोपीय मानवाधिकार न्यायालयापर्यंत जावं लागलं आणि २०१४ मध्ये तिथे सरकारविरुद्ध निकाल मिळाला.

अविवाहित मातांच्या आणि त्यांच्या बाळांच्या आश्रमांसाठी २०२३ मध्ये स्वतंत्र कायदा झाला. जुन्या गुणपद्धतीवरची टीका लक्षात घेऊन इथे मुख्य मोजमाप वास्तव्याच्या काळाचं ठेवलं. किती दिवस राहिलात एवढं नोंदींतून दिसलं की पुरे, छळाचं वर्णन मागायचं नाही. जखम उघडून दाखवण्याचा त्रास वाचला. पण लहानपणी १८० दिवसांपेक्षा कमी राहिलेल्यांना या कायद्यात काहीच नाही. चौथ्या महिन्यात आईपासून तोडून दत्तक दिलेलं बाळ त्यामुळे अपात्र ठरतं.

महाराष्ट्रातल्या वाचकाला मनोधैर्य योजना माहीत असते. तिथे मदतीची सुरुवात पोलिसांत नोंदलेल्या एका गुन्ह्यापासून होते. आयर्लंडच्या कायद्याचं वेगळेपण हे की त्याने एकेकट्या गुन्हेगाराऐवजी संस्था आणि तिच्यामागचं सरकार यांना हिशेबात धरलं. हे पाऊल मोठं होतं आणि म्हणूनच त्यातल्या चुका महत्त्वाच्या. असा कायदा मागणाऱ्यांचं लक्ष रकमेच्या आकड्याकडे आधी जातं. पण आयर्लंडमध्ये पुढची वीस वर्षं झगडा चालला तो परिशिष्ट, कसोटी आणि मौनाच्या कलमावर. मसुद्याच्या टप्प्यावर सुटलेला प्रत्येक गट पुढे स्वतंत्र आंदोलन करून, स्वतंत्र अहवाल मिळवून, स्वतंत्र योजना घेऊन आला, आणि तोवर त्यांच्यातले कित्येक जण राहिले नाहीत. म्हणून यादी कोण करणार आणि कोणत्या कसोटीवर, हा प्रश्न मसुद्यावरच्या पहिल्या बैठकीत विचारला गेला पाहिजे.

पुढच्या आठवड्यात ऑस्ट्रेलिया. १ जुलै २०१८ पासून सुरू झालेल्या तिथल्या राष्ट्रीय योजनेत सामील व्हायचं की नाही हे संस्थांनी स्वतः ठरवायचं होतं. ज्या झाल्या नाहीत त्यांच्यावर सरकारने दबाव कसा आणला, ते पाहू.