गायकवाड : एक आडनाव आणि त्याची लिप्यंतरे

मराठी आडनावांचे विवेचन बहुधा व्युत्पत्तीपाशी सुरू होते व तेथेच थांबते. ग्रामनामास 'कर' जोडून झालेली आडनावे, वतनावरून पडलेली आडनावे, व्यवसायदर्शक आडनावे अशी वर्गवारी झाली, की विषय संपला असे मानले जाते. परंतु आडनाव हे लेखी नोंदीतही जगत असते, आणि ज्या लिपीत ते उतरते त्या लिपीचे गुणदोष त्यास चिकटतात. परभणी जिल्ह्यात एकाच घराण्याची नावे मोडी, उर्दू, देवनागरी व रोमन अशा चार लिप्यांतून आढळण्याचा संभव असतो. म्हणून येथे 'गायकवाड' या एकाच आडनावाचा मागोवा घेऊन लिप्यंतराचे स्वरूप स्पष्ट करण्याचे योजिले आहे.

या आडनावाची 'गाय' व 'कवाड' अशी फोड परंपरेने केली जाते. गाईंच्या रक्षणासाठी किल्ल्याचे कवाड उघडले, अशी कथाही बडोद्याच्या राजघराण्याविषयी सांगतात. भाषाशास्त्राच्या दृष्टीने अशा कथेचे मोल पुराव्याचे नव्हे. नाव सार्थ करून घेण्याच्या लोकप्रवृत्तीची ती साक्ष होय.

इंग्रजी लेखनात या नावाची मुख्यत्वे चार रूपे झाली. 'जी-यू-आय-सी-ओ-डब्ल्यू-ए-आर' हे जुने रूप १८८६ साली प्रसिद्ध झालेल्या 'हॉब्सन-जॉब्सन' या कोशात शीर्षशब्द म्हणून आले आहे. दुसरे 'जी-ए-ई-के-डब्ल्यू-ए-आर' हे रूप संस्थानी काळातील सरकारी लेखनात रूढ होते. तिसरे त्याचेच डकारान्त रूप, म्हणजे अन्ती 'आर'च्या जागी 'डी'. चौथे 'जी-ए-आय-के-डब्ल्यू-ए-डी' हे आज महाराष्ट्रात सर्वाधिक परिचयाचे आहे.

या भेदांच्या मुळाशी तीन ध्वनिविषयक कारणे आहेत. पहिले 'आय' या स्वरसंयोगाचे. इंग्रजीत 'गाइड' हा शब्द ज्या अक्षरांनी लिहितात, तीच अक्षरे पहिल्या रूपाच्या आरंभी आहेत. म्हणजे ते रूप आज विचित्र दिसले, तरी त्यात 'गाइ' असा उच्चार वाचता येतो. दुसरे कारण ककारातील अकाराचे. सावकाश उच्चारात तो ऐकू येतो, जलद बोलण्यात लोप पावतो. जुन्या रूपातील 'ओ' त्या अकाराची खूण मानता येईल. पुढील तिन्ही रूपांत तो नाहीसा झाला आहे.

तिसरे कारण सर्वांत महत्त्वाचे. मराठीत शब्दारंभीचा 'ड' आणि स्वरानंतरचा 'ड' यांचा उच्चार तंतोतंत एक नसतो. दुसऱ्या स्थानी जीभ टाळूस क्षणमात्र स्पर्शून खाली येते. हिंदीत त्यासाठी 'ड़' हे निराळे चिन्ह आहे. मराठीने ते स्वीकारले नाही. इंग्रजाच्या कानास हा ध्वनी रकारासारखा वाटला. म्हणूनच बडोद्याचे 'बरोडा', धारवाडचे 'धारवार' व काठेवाडचे 'काठियावार' झाले. डभोईचा आद्य डकार मात्र इंग्रजीतही डकारच राहिला. यावरून हा बदल लहरीचा नसून नियमबद्ध होता, हे उघड होते.

तरीही लेखनात एकवाक्यता आली नाही. बडोदे संस्थानच्या रेल्वेचे नाव रकारान्त रूपाने लिहिले जाई. त्याच संस्थानाने १९१६ साली सुरू केलेल्या प्राच्य ग्रंथमालेच्या नावात डकारान्त रूप आले. शिवाय इंग्रजीत या नावामागे निश्चयवाचक उपपद लागून ते 'निजाम'प्रमाणे पदवीवाचक झाले. आडनाव एका कुळाचे न राहता एका गादीचे नाव भासू लागले.

प्रत्यक्षात ते एका कुळाचे कधीच नव्हते. महाराज सयाजीराव (१८६३–१९३९) यांचा जन्म नाशिक जिल्ह्यातील कवळाणे येथला. भूमिहीनांचे लढे उभारणारे व काळाराम मंदिर सत्याग्रहात (१९३०) अग्रभागी असलेले दादासाहेब गायकवाड (१९०२–१९७१) हेही नाशिक जिल्ह्यातलेच. पण एक मराठा राजघराण्यात दत्तक गेले, तर दुसरे दलित समाजात जन्मले. 'उचल्या' या आत्मकथनास १९८८ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळालेले लक्ष्मण गायकवाड लातूर जिल्ह्यातील धनेगावचे, आणि तेही ज्या जमातीस इंग्रजी राजवटीने गुन्हेगार ठरविले तिच्यातले. क्रिकेटमध्ये १९५९ च्या इंग्लंड दौऱ्यात कर्णधार असलेले बडोद्याचे दत्ताजीराव (१९२८–२०२४), चाळीस कसोटी सामने खेळलेले त्यांचे पुत्र अंशुमन (१९५२–२०२४) आणि नागपुरात जन्मलेले हिरालाल (१९२३–२००३) यांची नावे 'ए-ई' या अक्षरांनी छापली जातात. पुण्याच्या ऋतुराज गायकवाड यांचे 'ए-आय' या अक्षरांनी. हिरालाल यांचे उदाहरण पाहता 'ए-ई' ही राजकुळाची खूण ठरत नाही. रोमन लिपीत विभागलेली ही सर्व माणसे देवनागरीत एकाच ओळीत येऊन बसतात.

आता परभणीकडे वळू. हैदराबाद संस्थानात एकोणिसाव्या शतकाच्या नवव्या दशकात फारसीच्या जागी उर्दू ही कारभाराची भाषा झाली. उर्दूत 'ड़' साठी स्वतंत्र अक्षर आहे. या बाबतीत ती लिपी रोमनहून समर्थ होय. परंतु त्या अक्षरात व 'र' मध्ये भेद एका लहानशा वरच्या चिन्हाचा, आणि 'ग' व 'क' मध्ये एका जादा रेघेचा. ऱ्हस्व स्वर तर सहसा लिहिलेच जात नाहीत. घाईच्या लेखणीने ती चिन्हे गाळली, की 'गायकवाड'चे 'कायकवार' असेही वाचन संभवते.

हा केवळ विद्वानांचा प्रश्न नव्हे. मराठवाड्यातील निजामकालीन दफ्तरांतून कुणबी नोंदी शोधण्यासाठी २०२३ साली निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली, आणि उर्दू व मोडी कागदांच्या वाचनास एकाएकी व्यावहारिक महत्त्व आले. एका चिन्हाच्या वाचनावर जेथे वंशावळ जुळते किंवा तुटते, तेथे लिप्यंतराचे नियम ठाऊक असणे हे अभ्यासकाचे कर्तव्य ठरते.

यातून संशोधक विद्यार्थ्यांनी तीन गोष्टी ध्यानी घ्याव्यात. सूची करताना देवनागरी रूप शीर्षस्थानी ठेवून इतर लिप्यांतील प्रत्येक रूप त्याखाली नोंदवावे. मूळ कागदातील लेखन दुरुस्त न करता जसेच्या तसे उतरून घ्यावे. आणि केवळ आडनावावरून वा त्याच्या लेखनावरून कोणाचेही कूळ अथवा जात अनुमानू नये. त्यासाठी गाव, पित्याचे नाव व जमिनीची नोंद यांचा मेळ घालावा. लिपी उच्चाराची साक्ष देते. वंशाची साक्ष देण्याचे सामर्थ्य तिच्या ठायी नाही.