जुन्या पिकअपची चकाकती पट्टी

अमेरिकेत १९६७ ते १९७२ या काळात बनलेल्या शेवरोले सी-१० पिकअपपैकी अनेक गाड्यांच्या कुशीवर, पुढच्या फेंडरपासून मागच्या हौद्यापर्यंत, धातूची चकाकती पट्टी असते. रंगकामासाठी ती उतरवणं सोपं, परत बसवणं कठीण. लांबून ती एकसंध दिसते, पण फेंडर, दरवाजा, हौदा अशा प्रत्येक पत्र्यावर तिचा वेगळा तुकडा असतो. म्हणून आधी दरवाज्याभोवतीच्या फटी सारख्या करून घ्याव्यात. दरवाजा बिजागरीवर लोंबत असेल, तर पट्टी कधीच सरळ येणार नाही.

मग मास्किंग टेपने पूर्ण लांबीची रेघ आखावी आणि दहा पावलं मागे जाऊन पाहावी. वाक नजरेला लगेच कळतो. सुरुवात दरवाज्यापासून करावी. फेंडरच्या तुकड्याशी थोडी फट सोडावी, नाहीतर दरवाजा उघडताच नव्या रंगावर ओरखडा उठतो. क्लिपांची भोकं तशीच कोरी सोडणं तर मला अक्षम्य वाटतं, कारण गंज तिथूनच शिरतो. भोकांच्या कडांना आधी रंग, मग सीलंट लावावं. नट बेतानेच आवळावेत. जास्त ताण दिला की पातळ पट्टीला खळगा पडतो, आणि तो पूर्णपणे क्वचितच निघतो.